मराठवाड्यातली गरिबी, जात आणि विकास : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न सभांमध्ये, वर्गात, एसटीत आणि लग्नाच्या मांडवात पुन्हा पुन्हा कानावर येतात. काही खरोखर माहिती हवी म्हणून विचारलेले असतात, काही समोरच्याला गप्प करण्यासाठी. उत्तरं दोघांसाठी एकच आहेत.

दुष्काळ तर सगळ्यांवरच येतो. त्यात जातपात कशाला आणायची?

पाऊस सगळ्यांच्याच रानात कमी पडतो, हे खरं. पण पाऊस कमी पडल्यानंतर पुढं काय होतं, ते प्रत्येकाच्या घरी वेगळं असतं.

ज्याचं शेत आहे त्याचं पीक जातं. पंचनामा होतो, अनुदान येतं, पीकविमा भरला असेल तर कधी तरी तोही येतो. हे सगळं पुरेसं नसतं आणि वेळेवर तर मुळीच नसतं, पण सातबाऱ्यावर नाव असल्यामुळे निदान यादीत नाव येतं. तेच शेत बटईनं (पिकाच्या वाट्यावर) किंवा ठोक्यानं (ठरावीक रकमेवर) करणाऱ्याचं बियाणं, खत, मेहनत गेलेली असते, आणि बहुतेक वेळा करार तोंडी असल्यामुळे पैसे मालकाच्या खात्यावर जातात. मालक भला असला तर वाटा देतो. त्याच रानात खुरपायला जाणाऱ्या बाईचा रोज बुडतो, त्याचा तर पंचनामाच होत नाही. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीतही हेच दिसलं. नुकसान हेक्टरवर मोजलं गेलं, त्यामुळे ज्याच्याकडे हेक्टर नाही त्याचं नुकसान मोजायला माप नव्हतं.

आता कोणाकडे शेत आहे, कोण बटईनं करतो आणि कोण रोजानं जातो, याची यादी आपल्याच गावात करून बघा. जात आणायची गरज पडत नाही, ती यादीत आधीच बसलेली असते.

मराठवाडा मागे राहिला तो निजामामुळेच ना?

बऱ्याच अंशी हो. हा भाग हैदराबाद संस्थानात होता. जहागिऱ्या होत्या, उच्च शिक्षण उर्दूतून होतं, शाळा थोड्या, रस्ते आणि रेल्वे त्याहून थोडे. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान भारतात आलं, तेव्हा उर्वरित महाराष्ट्राच्या तुलनेत आपण कितीतरी मागे होतो.

पण त्याला आता पाऊणशे वर्षं झाली. १९५३ च्या नागपूर कराराने समान वाट्याचा शब्द दिला, राज्यघटनेच्या ३७१(२) कलमानं वैधानिक विकास मंडळाची सोय केली. दांडेकर समितीनं १९८४ मध्ये अनुशेष, म्हणजे विकासात मागे राहिलेली तूट, मोजून दिला. मंडळ प्रत्यक्षात आलं १९९४ मध्ये आणि त्याची मुदत एप्रिल २०२० मध्ये संपली. मधल्या काळात, २०१३ मध्ये, प्रादेशिक असमतोलावरच्या केळकर समितीचा अहवालही आला. आपल्याकडे अनुशेषावर बोलणारे पुष्कळ आहेत आणि त्यांचं बरोबरच आहे.

माझी तक्रार वेगळी आहे. हा सगळा हिशेब जिल्ह्याशी जिल्ह्याची आणि विभागाशी विभागाची तुलना करतो. पुण्याला किती, परभणीला किती. परभणीच्या आत कोणाला किती, हा प्रश्न त्यात येतच नाही. जायकवाडीचा डावा कालवा पैठणहून जालना, परभणीकडे गेला, त्या पट्ट्यात ऊस उभा राहिला. सिंचनाचा अनुशेष तेवढा कमी झाला म्हणून नोंद झाली. पण पाटाचं पाणी जमिनीला मिळतं. भूमिहीनाच्या वाट्याला आलं ते उसातलं काम. प्रादेशिक अन्यायाविरुद्ध बोलताना गावातला अन्याय झाकला जातो, आणि झाकणाऱ्यांना ते फारसं खटकत नाही, असं माझं मत आहे.

गरिबी मोजतात कशी?

आता बहुआयामी गरिबीचा निर्देशांक वापरतात. नुसतं उत्पन्न न बघता आरोग्य, शिक्षण आणि राहणीमान या तीन बाजू आणि त्यांतले १२ निकष बघतात : पोषण, शाळेची वर्षं, स्वयंपाकाचं इंधन, संडास, बँक खातं वगैरे. नीती आयोगाच्या २०२३ च्या अहवालानुसार देशातलं हे प्रमाण २०१५-१६ मधल्या २४.८५ टक्क्यांवरून २०१९-२१ मध्ये १४.९६ टक्क्यांवर आलं. ही घट खरी आहे. पण गॅस आला, खातं उघडलं, संडास बांधला की निर्देशांक सुधारतो. जमीन, कर्ज आणि गावातली पत या गोष्टी त्यात मोजल्या जात नाहीत. सिलिंडर कोपऱ्यात रिकामा उभा आणि चुलीवर भाकरी, हे दृश्य ओळखीचं असेल तर आणखी सांगायला नको.

जमिनीचा आणि जातीचा संबंध एवढा घट्ट कसा झाला?

गावातली कामं जातीनं वाटलेली होती तशी जमीनही वाटलेली होती. कसणारी कुटुंबं वेगळी, आणि गावकीची कामं करून बलुतं, म्हणजे कामाच्या बदल्यात धान्य, मागणारी कुटुंबं वेगळी. महारांकडे इनामाचे तुकडे असत, तेही भावकीत वाटून वाटून वावभर उरलेले.

मग कायदे आले. हैदराबादचा कूळ कायदा १९५० चा. त्याचा फायदा ज्याच्या नावावर कूळ म्हणून नोंद होती त्याला झाला. वर्षाच्या बोलीवर राबणारा सालगडी हा कूळ नसतो. पाडव्याला साल धरायचं, पुढच्या पाडव्याला मोडायचं, त्याची नोंद कुठे असणार? नंतर १९६१ चा कमाल जमीन धारणेचा कायदा आला. त्यात पुढे कोरडवाहूची मर्यादा ५४ एकर ठरली. मोठ्या घरांनी ती मुलं, सुना, पुतणे अशा नावांवर वाटून पचवली. काही जमीन वाटली गेली, पण बरीचशी माळाची, मुरमाड.

उरलं गायरान, म्हणजे गावाची गुरं चारायला राखलेली सरकारी जमीन. आंबेडकरी चळवळीतले नेते दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९५९ चा आणि मग १९६४ चा भूमिहीनांचा सत्याग्रह झाला, तेव्हाची मागणी हीच होती की पडीक सरकारी जमीन कसणाऱ्याच्या नावे करा. मराठवाड्यात दलित, भटके आणि काही आदिवासी कुटुंबांनी गायरानं फोडून पेरायला सुरुवात केली. १९९१ च्या नोव्हेंबरातल्या शासन निर्णयानं १४ एप्रिल १९९० पर्यंतची अशी अतिक्रमणं नियमित करायचं ठरलं. काहींची झाली. अनेकांचे अर्ज तहसीलमध्ये पडून राहिले : पेरल्याचा पुरावा द्या, दंडाची पावती दाखवा, पंचनामा आणा. गंमत बघा, अतिक्रमण केल्याबद्दल दंड झाला असेल तर तीच पावती हक्काचा पुरावा. ज्याला तलाठ्यानं दयेपोटी दंड केला नाही, तो अडकला.

आणि ज्या दिवशी गायरानातलं पीक कापणीला येतं, त्या दिवशी गावात गुरांच्या चाऱ्याची चिंता एकाएकी वाढते. गुरं घातली जातात, भांडण होतं, गुन्हे नोंदवले जातात. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सार्वजनिक जमिनींवरची अतिक्रमणं हटवण्याचे आदेश दिले, तेव्हापासून या कुटुंबांच्या डोक्यावर नोटिशीची टांगती तलवार आहे. त्या निकालात भूमिहीन मजूर आणि अनुसूचित जाती-जमातींना दिलेल्या जागांबाबत अपवाद ठेवला आहे, पण नोटीस काढताना तो कोण वाचतो?

पण शासन जमीन विकत घेऊन देतं ना?

देतं. २००४ पासूनची सबळीकरण व स्वाभिमान योजना आहे, कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्याच नावाची. दारिद्र्यरेषेखालच्या भूमिहीन अनुसूचित जातीच्या कुटुंबाला चार एकर कोरडवाहू किंवा दोन एकर बागायत. आधी निम्मं कर्ज होतं, २०१८ पासून पूर्ण अनुदान. अडचण अशी की शासनाच्या दरात जमीन विकायला कोणी तयार होत नाही, आणि तयार झाला तर ती जमीन अशी असते की तिच्यावर कुसळ तरी उगवेल का, हीच शंका. कल्पना उत्तम, पण ती बाजारावर सोडून दिली आहे, आणि जमिनीच्या बाजारात सोयरे आणि भावकी आधी बसलेली असतात.

ऊसतोडीला ठरावीक भागातलेच लोक का जातात? ती त्यांची आवड किंवा परंपरा आहे का?

आवडीनं कोणी सहा महिने कोपीत, म्हणजे फडावरच्या झोपडीत, राहत नाही.

बीड जिल्ह्यातल्या बालाघाटाच्या डोंगरपट्ट्याकडे बघा : पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, केज, धारूर, वडवणी. माती उथळ, पाणी कमी, कारखानदारी नाही. इथे वंजारी आणि बंजारा वस्ती दाट आहे, दलित कुटुंबं आहेत, आणि आता दोन-तीन एकरवाले मराठेही कोयता घेऊन निघतात. खालच्या गोदाकाठच्या काळ्या जमिनीत हे प्रमाण तेवढं नाही. म्हणजे जात, जमिनीची प्रत आणि स्थलांतर हे एकमेकांत गुंतलेलं आहे, आणि फक्त जात किंवा फक्त पाऊस सांगून ते सुटत नाही.

व्यवहार असा चालतो. दसऱ्याच्या आगेमागे मुकादम, म्हणजे मजुरांची टोळी जमवणारा मध्यस्थ, उचल (आगाऊ रक्कम) देतो. ती जोडीला मिळते. नवरा-बायको मिळून एक कोयता. बाईचं नाव वेगळं कुठेच नाही, उचल नवऱ्याच्या हातात. पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात जायचं, टनावर मजुरी, ती उचलीतून वळती. एक दिवस काम चुकलं तर खाडा, त्याचा दंड. हंगाम संपताना फिटलं नाही तर बाकी पुढच्या वर्षीच्या उचलीत. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ मिळाली, तीही संप आणि बैठकांनंतर. कामगारांच्या कल्याणासाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावानं महामंडळ आहे, मुलांसाठी भगवानबाबांच्या नावानं वसतिगृहांची योजना आहे. पण नोव्हेंबरात ज्या गावची शाळा निम्मी रिकामी होते, तिथे हंगामी वसतिगृह दिवाळीनंतर किती दिवसांनी सुरू होतं, हे मुख्याध्यापकांना विचारा.

मजूर आणि कारखाना यांच्यात थेट करार नाही. मध्ये मुकादम आहे. तो बहुतेकदा त्याच जातीचा, त्याच पट्ट्यातला, कधी नात्यातला असतो. त्यामुळे पिळवणूक आणि आधार एकाच माणसाकडून मिळतो. आजारपणात पैसे तोच देतो. यामुळे त्याच्याविरुद्ध बोलणं अवघड होतं, आणि ही व्यवस्था टिकण्याचं हे एक मोठं कारण आहे.

बाईची गरिबी पुरुषाच्या गरिबीपेक्षा वेगळी असते का?

ऊसतोडीवरूनच पुढे जाऊ. खाडा परवडत नाही, फडात संडास नाही, पाणी नाही. पाळी, बाळंतपण, पांढरं जाणं, सगळं अंगावर काढायचं. मग कोणीतरी सांगतं, पिशवी काढून टाक. २०१९ मध्ये हा विषय गाजला तेव्हा नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांहून जास्त ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३ हजारांहून जास्त जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. कित्येकींचं वय तिशीच्या आसपास. हा आरोग्याचा प्रश्न म्हणून मांडला गेला, पण त्याची मुळं मजुरीच्या करारात आहेत. जिथे बाईच्या शरीरानं सुट्टी मागितली की नवऱ्याच्या खात्यावर दंड चढतो, तिथे डॉक्टर बदलून काय होणार?

बालविवाहाचंही तसंच. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत अठराच्या आत लग्न झालेल्या तरुणींचं प्रमाण राज्यात सुमारे २२ टक्के होतं, परभणी आणि बीडमध्ये ४० टक्क्यांच्या वर. आई-बाप सहा महिने बाहेर, पोरगी घरी कोणाच्या भरवशावर ठेवायची? शिवाय कोयता जोडीचा लागतो, म्हणजे लग्न झालं की उचल मिळते. याला 'अज्ञान' म्हणणाऱ्यांनी हा हिशेब आधी समजून घ्यावा. समजून घेणं म्हणजे पाठीशी घालणं नव्हे.

वरच्या घरांत चित्र निराळं, पण सुटका तिथेही नाही. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे जेमतेम ८०० च्या आसपास मुली होत्या. सोनोग्राफीचे पैसे मजुराकडे नव्हते. ते कोणाकडे होते, हे उघड आहे.

आणि जमीन. मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत हक्क महाराष्ट्रानं १९९४ मध्ये दिला, देशानं २००५ मध्ये. तरी रक्षाबंधनाच्या आगेमागे हक्कसोडपत्रं होतच असतात. शेतकरी नवऱ्यानं आत्महत्या केली की पात्र ठरलेल्या कुटुंबाला एक लाखाची मदत मिळते : ३० हजार हातात, ७० हजार ठेवीत. पण सातबारा सासऱ्याच्या नावावर असेल तर 'शेतकरी' ठरण्यापासूनच भांडण. सावकाराचं कर्ज मात्र कोणताही कागद न बघता तिच्या नावावर येतं.

मराठा समाजाकडे जमीन आणि सत्ता दोन्ही आहे, मग ते आरक्षण का मागतात?

काहींकडे आहे. कारखाने, बँका, शिक्षणसंस्था, आमदारक्या ज्या घरांत आहेत, ती घरं बोटांवर मोजता येतात. त्याच आडनावाची बाकी घरं तीन पिढ्यांच्या वाटण्यांनंतर दोन-अडीच एकरांवर आली आहेत. सोयाबीनचा भाव पडला, बोअर आटला, मुलगा पुण्याला कंपनीत कंत्राटी. त्यांची अडचण खोटी नाही.

मराठा आरक्षणाचा २०१८ चा कायदा सर्वोच्च न्यायालयानं मे २०२१ मध्ये रद्द केला, २०२४ मध्ये १० टक्क्यांचा नवा कायदा आला. २०२३ मध्ये जालना जिल्ह्यातल्या आंतरवाली सराटीतून मनोज जरांगे यांचं आंदोलन पेटलं आणि निजामकालीन कुणबी नोंदी शोधणं सुरू झालं. सप्टेंबर २०२५ मध्ये या नोंदींसाठी हैदराबाद गॅझेटियर, म्हणजे निजामकाळातला सरकारी दस्तऐवज, आधार धरण्याचा शासन निर्णय निघाला. ओबीसींना वाटतं की आपल्या ताटातलं जाईल. ही भीतीही खोटी नाही, कारण जागा मुळात थोड्या आहेत.

माझ्या मते इथे दोन प्रश्न एकत्र झाले आहेत. शेती तोट्यात जाणं हा एक, आणि जातीमुळे दार बंद असणं हा दुसरा. अडीच एकरवाला मराठा आणि भूमिहीन मातंग दोघंही गरीब आहेत, पण पहिल्याला गावात भाड्यानं खोली मिळते, सोसायटीचा चेअरमन फोन उचलतो, पोलीस ठाण्यात खुर्ची मिळते. आरक्षण दुसऱ्या प्रश्नासाठी आलं होतं. पहिल्या प्रश्नाचं उत्तर हमीभाव, पाणी आणि नोकऱ्यांत शोधायला हवं होतं, ते कोणत्याच सरकारनं शोधलं नाही, म्हणून सगळा भार आरक्षणावर आला.

जातीचं प्रमाणपत्र काढणं एवढं अवघड का पडतं?

कारण पुरावा जुना लागतो. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, ओबीसींसाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांच्या आधीचा रहिवास दाखवावा लागतो. ज्याचा आजोबा शाळेत गेला त्याच्याकडे शाळेचा निर्गम उतारा असतो. ज्याच्या आजोबांकडे जमीन होती त्याच्याकडे खासरा पत्रक, म्हणजे जमिनीची जुनी नोंद, असतं, उर्दूत का असेना. ज्याचा आजोबा पालं (तात्पुरते तंबू) घेऊन फिरत होता त्याच्याकडे काय असणार? जो जास्त वंचित, त्याच्याकडे वंचित असल्याचा कागद नाही.

पारध्यांचं उदाहरण घ्या. इंग्रजी राजवटीत १८७१ च्या कायद्यानं काही जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या गेल्या. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो शिक्का कागदावरून गेला. गावात चोरी झाली की पोलीस आजही आधी कुठल्या पालावर जातात, हे सांगायला नको.

बंजारा समाजाचं तर आणखी विचित्र. तेलंगणात ते अनुसूचित जमातीत, कर्नाटकात अनुसूचित जातीत, आणि आपल्याकडे विमुक्त जातीत, ३ टक्के आरक्षणाच्या गटात. देगलूरहून सीमा ओलांडली की सवलत बदलते. तांड्यावरच्या पोराला हे समजावून सांगणं मला तरी जमलेलं नाही.

मुस्लिमांचा प्रश्न यात कुठे बसतो?

'निजामाचं राज्य होतं म्हणजे मुसलमान श्रीमंत होते' हा समज आधी काढायला हवा. जहागीरदार थोडे होते, आणि १९४८ नंतर त्यातलेही बरेच हैदराबादला किंवा पाकिस्तानात गेले. मागे राहिले ते बागवान, पिंजारी, मोमीन, कुरेशी आणि छोटे शेतकरी. सच्चर समितीनं २००६ मध्ये देशाचं चित्र मांडलं, राज्यात महमूदुर रहमान समितीनं २०१३ मध्ये अहवाल दिला. २०१४ मध्ये ५ टक्के आरक्षणाचा अध्यादेश निघाला. त्यातला शिक्षणाचा भाग उच्च न्यायालयानं चालू ठेवला होता, पण अध्यादेशाचा कायदा झाला नाही.

२०१५ मध्ये बैलांच्या कत्तलीवर बंदी आली तेव्हा कुरेशींचा धंदा बसला. दुष्काळात बैल विकून घर चालवणाऱ्या शेतकऱ्याचा बाजारही बसला. हा दुसरा भाग फार कमी लोक बोलतात.

शिक्षणानं हे सगळं सुटतं का?

सुटतं, पण अर्धं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० मध्ये औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय सुरू केलं. नागसेनवनात, म्हणजे त्याच्या परिसरात, शिकून गेलेल्यांनी मराठवाड्याचं साहित्य, प्रशासन, राजकारण बदललं. एका संस्थेनं एवढा फरक केल्याचं दुसरं उदाहरण मला आपल्या भागात दिसत नाही. त्याच शहरातल्या विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव २७ जुलै १९७८ ला झाला आणि गावोगाव दलित वस्त्या जाळल्या गेल्या. कुटुंबं गाव सोडून शहरांकडे गेली. नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ ला. राग नुसत्या नावाचा नव्हता. शिकून नोकरीला लागलेला, बलुतं न मागणारा माणूस डोळ्यांत सलत होता.

आता लातूर पॅटर्न, म्हणजे बोर्डाच्या आणि प्रवेश परीक्षांच्या तयारीची लातूरची पद्धत. मेहनत आहे, निकाल आहे, गरिबाची पोरंही डॉक्टर झाली आहेत. पण क्लासची फी, खोली, मेस असा खर्च बघा. ज्याच्याकडे विकायला एक एकर आहे तो विकतो आणि पोराला पाठवतो. ज्याच्याकडे एकरच नाही त्याच्यासाठी वसतिगृह आणि शिष्यवृत्ती हाच लातूर पॅटर्न, आणि ती शिष्यवृत्ती वर्ष संपल्यावर जमा होते.

आता जात कुठे राहिली आहे?

सोयरीक जुळवताना विचारा.

मग आजवर कशानं फरक पडला?

रोजगार हमीनं. १९७२ च्या दुष्काळात लाखो माणसं खडी फोडायला, तलाव खोदायला गेली. मिलो (बाहेरून आलेली लाल ज्वारी) आणि सुकडी (वाटपाचा कोरडा खाऊ) यांवर दिवस काढले, ते सांगणारी म्हातारी माणसं अजून आहेत. वि. स. पागे यांच्या पुढाकारातून आलेल्या योजनेचा १९७७ मध्ये कायदा झाला, आणि २००५ चा केंद्रीय कायदा त्याच वाटेनं आला. यात बाईला आणि पुरुषाला दर एकच होता, आणि काम मागितलं तर द्यावंच लागत होतं. मालकाच्या दारात उभं न राहता रोज मिळतो म्हटल्यावर सालगड्याला 'नाही' म्हणता यायला लागलं. गावात या योजनेबद्दल 'मजूर माजले' अशी जी कुरकुर ऐकू येते, तेच तिच्या यशाचं प्रमाणपत्र समजा.

पुढे योजनेत वैयक्तिक विहिरी आल्या. चांगलंच झालं, पण विहिरीसाठी किमान एक एकर सलग जमीन लागते. परत सातबारा.

आमच्या गावात हे तपासायचं तर सुरुवात कुठून करू?

ग्रामपंचायतीतून नमुना ८ चा उतारा, म्हणजे घरांची यादी घ्या. तलाठ्याकडून नमुना ८ अ, म्हणजे खातेदारांची यादी घ्या. दोन्ही शेजारी ठेवल्या की भूमिहीन घरं निघतात. मग त्या घरांपुढे चार गोष्टी लिहा : रेशनकार्ड कोणत्या रंगाचं, जॉबकार्डावर गेल्या वर्षी किती दिवस भरले, घरकुलाच्या यादीत नाव आहे का, घरात विधवा किंवा परित्यक्ता असेल तर संजय गांधी निराधारचे पैसे येतात का. निराधारसाठी वर्षाच्या २१ हजार उत्पन्नाचा दाखला लागतो, आणि हा आकडा ऐकून तुम्ही हसाल, पण नियम तोच आहे. ऊसतोडीची घरं नोव्हेंबरनंतर बंद असतात, म्हणून ही पाहणी पोळ्याच्या आसपास करा. यादी २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत वाचायला घ्या आणि इतिवृत्तात नोंद झाल्याशिवाय उठू नका. सरपंच म्हणतील, पुढच्या सभेत बघू. २६ जानेवारीच्या सभेला निम्मी वस्ती फडात असते.